पाच पुतळे, चौदा साड्या आणि पुढे निघून जाणारं गिऱ्हाईक

प्रश्न : दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. गाळा १० बाय २४ फुटांचा. गेल्या वर्षापासून मी साड्यांबरोबर खणाचे ब्लाउज आणि कुर्तेही ठेवते. शोकेस भरलेली असते, तरी बायका नजर टाकतात आणि पुढे जातात. आत येतात त्यांतल्या बऱ्याच जणी 'जरा फिरून येते' म्हणून निघतात. इंटिरिअरवाल्याने फॉल्स सीलिंग, लाकडी पॅनेलिंग आणि नवं काउंटर धरून चार लाखांचं कोटेशन दिलंय. माझ्याकडे पन्नास हजार आहेत. सासरे म्हणतात, शोकेस मोकळी केलीस तर माल संपला असं लोकांना वाटेल. गणपतीआधी काय करता येईल? शोकेसमध्ये आरास केली तर चालेल का? दुकानाचे फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, दादर

उत्तर :

ताई, कोटेशन सध्या कपाटात ठेवा. फॉल्स सीलिंगकडे बघून कुणी साडी घ्यायला आत शिरत नाही, आणि पॅनेलिंगच्या पुढे तर तुम्ही मालच रचणार आहात. पन्नास हजारांत तुमचं काम होईल. फक्त ते कोणत्या क्रमाने खर्च करायचे, ते ठरवायला हवं.

फोटोत सहा फुटांच्या काचेमागे पाच पुतळे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. वरच्या दांडीवर चौदा साड्या आहेत. काचेवर उन्हाने पांढुरका पडलेला सेलचा स्टिकर आणि दोन क्यूआर कोड आहेत. आता रस्त्यावरच्या बाईचा हिशेब मांडू. माणूस साध्या चालीने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. सहा फूट म्हणजे १.८ मीटर, म्हणजे काच ओलांडायला दीड सेकंद. दादरच्या गर्दीत तीन सेकंद धरा. तेवढ्यात एकोणीस साड्या कुणालाही दिसत नाहीत. दिसतो तो रंगांचा गोंधळ. एक साडी मात्र नीट दिसू शकते, म्हणून शोकेसमध्ये एकच साडी मुख्य ठेवा आणि बाकी सगळं तिच्या दिमतीला.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. मोकळी शोकेस बघून गिऱ्हाईक दोन अर्थ काढतं : एकतर माल नाही, किंवा इथे सगळं महाग आहे. दुसरा अर्थ जास्त घातक. यावर उपाय म्हणजे शोकेस मोकळी, पण तिच्यामागून आतली भरलेली भिंत दिसली पाहिजे, आणि साडीजवळ किंमत लिहिलेली पाहिजे. शोकेसची पाठ पूर्ण बंद करू नका. साधारण चार फूट रुंद आणि सात फूट उंच असा एकच पडदा किंवा प्लायचा बोर्ड मधोमध उभा करा. दोन्ही बाजूंनी दुकान दिसत राहील.

या बोर्डाला हलका रंग द्या, बदामी किंवा मोतिया. गडद मरून किंवा काळी पाठ साडीला उठाव देते हे खरं, पण ते रात्री. दिवसा रस्त्यावर उजेड जास्त आणि आत कमी असतो, त्यामुळे गडद पाठीपुढची काच आरसा होते. दुपारी तुमच्या शोकेसमध्ये समोरची चाळ आणि उभ्या केलेल्या स्कूटरच दिसत असणार. फोटो क्रमांक तीनमध्ये तेच झालंय.

पुतळे दोन ठेवा. एक पूर्ण उंचीचा, साडी नेसवलेला. दुसरा अर्धा, कमरेपर्यंतचा, खणाच्या ब्लाउजसाठी. त्यांच्या जोडीला एक लाकडी स्टूल आणि त्यावर त्याच रंगसंगतीतल्या चार घड्या. तिन्हींची उंची वेगवेगळी हवी : मोठा पुतळा सहा इंचांच्या पाटावर, अर्धा पुतळा त्याच्या खांद्याखाली येईल असा, आणि स्टूल दीड फुटाचं. तिन्हींची डोकी एका रेषेत आली की शोकेस परेडसारखी दिसते. पुतळे काचेला समांतर उभे करू नका. संध्याकाळी सहा ते आठ दारात उभ्या राहा, जास्त बायका कोणत्या बाजूने येतात ते बघा आणि पुतळे त्या बाजूला तीसेक अंशांत वळवा. गल्लीतून चालणाऱ्या बाईला काच समोरून दिसत नाही, तिरपी दिसते.

तुमच्याकडच्या दोन पुतळ्यांची नाकं उडालीत आणि एकीचा टोप तिरका आहे. नवे घेण्याआधी हे बरे करून घ्या. टोप काढा, फायबरला पुट्टी भरून गाड्यांची पेंटिंग करणाऱ्याकडून एकाच मॅट रंगाचा स्प्रे मारून घ्या. चकचकीत रंग नको, दिवा त्यात चमकतो आणि बाईची नजर साडीऐवजी पुतळ्याच्या कपाळावर जाते.

आता नेसवण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक इथे दिसते. तुमच्या पाचही पुतळ्यांच्या पदराच्या बारीक चुण्या करून खांद्यावर पिन केलीय. लग्नाला जाताना ते ठीक. दुकानात पदर हाच साडीचा सगळ्यात महागाचा भाग, तिथे मोर आहेत, मुनिया आहेत, इरकलीचा टोपी पदर आहे, आणि तोच तुम्ही चार इंचांच्या पट्टीत दाबून टाकलाय. पदर खांद्यावर मोकळा सोडा, डाव्या हातावरून दोन-अडीच फूट सपाट पसरू द्या आणि तो घसरू नये म्हणून मागून दोन ठिकाणी टाका घाला. निऱ्या पाच-सहाच घाला, पण सारख्या रुंदीच्या. आत परकर हवाच, नाहीतर कमरेखाली साडी पोकळ लोंबते. कंबर फार बारीक असेल तर परकराखाली जुनी ओढणी गुंडाळा. पाटावर काठ टेकू देऊ नका, अर्धा इंच वर राहू द्या, म्हणजे संपूर्ण काठ दिसतो आणि झाडताना मळत नाही.

पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. मुंबईच्या दमट हवेत साध्या पिना गंजतात आणि रेशमावर पडलेला गंजाचा ठिपका सहसा जात नाही. ती साडी मग तुमच्याच अंगावर. पिन नेहमी निरीच्या आत किंवा ब्लाउजच्या शिवणीत टोचा. आणि कोणतीही रेशमी साडी शोकेसमध्ये दहा दिवसांच्या वर ठेवू नका. एलईडीच्या उजेडात अतिनील किरण नगण्य असतात, पण रंग उडवायला साधा उजेडही पुरतो, आणि तुमची काच पश्चिमेला असेल तर चार वाजताचं ऊन त्याहून वाईट. पुढे आलेलं छप्पर किंवा कापडी झडप लावता आली तर काचेवर चिकटवायच्या फिल्मपेक्षा बरं.

दिवे. इथे सगळ्यात जास्त पैसे घाला, वीस हजारांपर्यंत. तुमच्याकडे छताला चार चौकोनी पॅनेल आहेत आणि फोटोतल्या निळसर झाकेवरून ते ६,५०० केल्विनचे दिसतात. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप : आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर. या उजेडात जर राखाडी दिसते आणि हळदीचा पिवळा हिरवट होतो. पॅनेल हलक्या प्रतीचं असेल तर लाल रंग विटकरी दिसतो. बाई साडी दारात नेऊन 'उजेडात दाखवा' म्हणते ना, ती तुमच्या दिव्यांबद्दलच तक्रार करत असते.

सर्वसाधारण उजेडासाठी ४,००० केल्विनची पॅनेल लावा. शोकेससाठी आणि मागच्या भिंतीसाठी ट्रॅकवर, म्हणजे दिवे सरकवता येणाऱ्या पट्टीवर, ३,००० केल्विनचे स्पॉट घ्या, १२ ते १५ वॅटचे. खोक्यावर सीआरआय ९० किंवा वर लिहिलेलं असलं पाहिजे. हा आकडा रंग किती खरे दिसतील ते सांगतो. ८० चे दिवे स्वस्त मिळतात, पण साड्यांना चालत नाहीत. लोहार चाळीत खरेदीला जाताना तीन कापडं सोबत न्या : कुंकवाचा लाल, हळदी पिवळा आणि बाटली हिरवा. दुकानदाराला दिवा लावायला सांगून त्याखाली धरा आणि मग तीच कापडं बाहेर रस्त्यावर बघा. फरक डोळ्यांना कळतो, कुणाच्या सांगण्यावर जायची गरज नाही. सगळे स्पॉट एकाच कंपनीचे आणि एकाच खेपेचे घ्या. दोन कंपन्यांचे ३,००० केल्विन शेजारी लावले की एक गुलाबी आणि एक पिवळा दिसू शकतो.

ट्रॅक कुठे लावायचा, हे इलेक्ट्रिशियनवर सोडू नका. तो छताच्या मधोमध लावेल, कारण वायर तिथे आहे. तुमचं छत नऊ फुटांचं धरलं आणि पुतळ्याचा खांदा साडेचार फुटांवर, तर ट्रॅक पुतळ्याच्या अडीच फूट पुढे, काचेला लागून आतल्या बाजूने हवा. मग उजेड उभ्या रेषेपासून तीस अंशांत पडतो. ट्रॅक पुतळ्याच्या डोक्यावर आला तर खांदे पांढरेफटक आणि निऱ्या अंधारात राहतात. एका पुतळ्याला दोन स्पॉट : २४ अंशांच्या झोताचा पदरावर, तिथे सव्वादोन फुटांचं वर्तुळ पडेल, आणि ३६ अंशांचा खाली निऱ्यांवर. शोकेसला चार, मागच्या भिंतीला तीन, आरशाला एक. आठ स्पॉटांत भागतं.

मोबाइलवरच्या लक्समीटरचे, म्हणजे उजेड मोजणाऱ्या ॲपचे, आकडे काटेकोर नसतात, पण तुलना करायला पुरतात. संध्याकाळी पदरावरचा आकडा दुकानातल्या सर्वसाधारण आकड्याच्या तिप्पट ते पाचपट यायला हवा. सगळीकडे सारखाच लखलखाट असेल तर कुठे बघायचं ते डोळ्याला कळत नाही.

संक्रांतीच्या काळ्या साड्यांबद्दल आत्ताच लिहून ठेवतो, कारण तिथे भलेभले फसतात. काळं कापड उजेड पिऊन टाकतं. वरून दिवा मारला तर चंद्रकळा शोकेसमध्ये नुसतं भोक दिसते. त्या आठवड्यात पाठ मोतियाच राहू द्या आणि दोन स्पॉट डाव्या-उजव्या बाजूंनी तिरपे, कापडाला घासून जातील असे मारा. एक जवळून, एक लांबून, म्हणजे सावलीत फरक पडतो आणि जर व विणीचा उठाव दिसतो. ब्लाउज लाल किंवा राणी रंगाचा घाला. आणि रोज सकाळी चिकट रोलर फिरवा, काळ्यावर दादरची धूळ दुपारीच दिसायला लागते.

किमतीची पाटी शोकेसमध्ये एकच, वहीच्या अर्ध्या पानाएवढी, अक्षर पाऊण इंच उंच. 'खणाची साडी, १,८५० रुपये.' पुतळ्यावर तीच साडी असली पाहिजे. अंगावर सहा हजारांची आणि पाटीवर '९९९ पासून' हा प्रकार एकदाच चालतो. तुमच्या सासऱ्यांच्या काळात किंमत सांकेतिक अक्षरांत चिठ्ठीवर असायची आणि ती विक्रेताच वाचायचा. आज त्याच सवयीमुळे गिऱ्हाईक दारातून परत जातं. गादीवर बसलं, चार साड्या उलगडल्या, आणि मग परवडलं नाही तर उठायचं कसं, हा संकोच असतो. 'फिरून येते' याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. आतसुद्धा प्रत्येक फळीच्या कडेला किमतीचा टप्पा लिहा : १,००० ते १,५००, १,५०० ते २,५००, असं.

फळ्यांची मांडणीही त्याच टप्प्यांनी करा आणि टप्प्याच्या आत रंगाने, फिक्याकडून गडदाकडे. नुसती रंगाने लावलेली भिंत फोटोत फार सुंदर दिसते, पण गिऱ्हाईक 'दोन हजारांत दाखवा' म्हणालं की सेल्समनला अख्खी भिंत उपसावी लागते आणि संध्याकाळपर्यंत सुंदर काही उरत नाही. थप्पी सहा ते आठ साड्यांची, घडीची गोल बाजू बाहेर. ज्यात नफा बरा तो माल तीन ते पाच फुटांच्या उंचीवर. सहा फुटांच्या वर फक्त बंद खोकी. प्रत्येक थप्पीवरची एक साडी प्लॅस्टिकमधून काढून ठेवा, बोटांना लागल्याशिवाय साडी विकली जात नाही. जरीच्या साड्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत हे सासऱ्यांना ठाऊक असेल : ओल आत अडकते, जर काळवंडते. त्या मलमलीत ठेवा, महिन्याने घडी मोडा.

जागेचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण घोळ तिथेही आहे. आतली रुंदी साडेनऊ फूट. भिंतीची फळी दीड फूट, गादी तीन फूट, समोर बसायचं स्टूल दीड फूट, आणि मागून जायला तीन फूट वाट. झाले नऊ. उजव्या भिंतीसाठी उरला अर्धा फूट, आणि तिथे तुम्ही कुर्त्यांचा वीस इंच खोल रॅक उभा केलाय. त्यामुळे बसलेल्या बाईच्या पाठीला येणारी-जाणारी प्रत्येक बाई घासून जाते. दोनदा धक्का लागला की बसलेली उठते. रॅक गादीच्या पलीकडे, मागच्या आठ फुटांत न्या. उजव्या भिंतीवर कुर्ते सपाट, समोरून दिसतील असे टांगा, तेही सहा-सातच. मागच्या भिंतीवर तीन स्पॉट आहेतच, त्यामुळे दारातून नजर थेट तिथवर जाईल आणि पाय मागोमाग. दाराच्या आतले पहिले तीन फूट मोकळे ठेवा. बाई छत्री मिटते, गॉगल काढते, पिशवी सावरते. तिथे ठेवलेलं सेलचं टोपलं ती बघत नाही, ओलांडते. पावसाळ्यात तिथे छत्र्यांसाठी उभी बादली आणि पाणी शोषणारं पायपुसणं एवढंच असू द्या. आत शिरलेलं गिऱ्हाईक उजवीकडे वळतं, असं बाहेरच्या देशांतली पुस्तकं सांगतात. तुमच्याकडे गादी डावीकडे आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

गादी काढू नका. इंटिरिअरवाला काचेचं काउंटर सुचवतोय, पण सहा वार साडी पांढऱ्या गादीवर जशी उलगडते तशी काउंटरवर नाही. चादर मात्र रोज बदललेली हवी. आरसा पाच फूट बाय दोन फूट, गादीशेजारी, आणि त्याचा स्पॉट आरशावर नको, उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर समोरून पडावा. वरून पडला की डोळ्यांखाली सावल्या येतात आणि दोष साडीला लागतो. ट्रायल रूममध्येही तेच, शिवाय दोन हुक आणि पूर्ण बंद होणारा पडदा.

बाहेरच्या बाजूला दोन गोष्टी सांभाळा. पुतळा फुटपाथवर काढू नका, पालिकेची गाडी उचलून नेते. आणि पाटी बदलणार असाल तर राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे नाव मराठीत, देवनागरीत, सुरुवातीला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आतून उजळणारी पाटी असेल तर पालिकेच्या परवाना खात्याकडे आधी विचारा.

वेळेचं गणित असं. शोकेस, दिवे आणि किमतीच्या पाट्या गणपतीच्या तीन आठवडे आधी. त्यात दिव्यांचे वीस, बोर्ड-पाट-पुतळ्यांचे बारा, आरशाचे पाच आणि पाट्यांचे दोन हजार धरा. रॅक हलवणं, फळ्या, रंग ही कामं पितृपक्षात करा. तेव्हा बरेच लोक नवीन कपडे घेत नाहीत आणि सुतारही मोकळा मिळतो. त्याला आठ हजार. उरलेले तीन हजार दर दहा दिवसांच्या शोकेसबदलासाठी. नवरात्रात रोज त्या दिवसाच्या रंगाची साडी लावायची हौस चांगली, पण खरेदी आधीच झालेली असते. घटस्थापनेच्या दहा दिवस आधी नऊही रंगांच्या घड्या स्टुलाऐवजी एका शिडीवर लावा.

फरक पडला की नाही ते गल्ल्यावरून ठरवू नका, सणात गल्ला तसाही वाढतो. बदल करण्याआधी एका शनिवारी सहा ते सात या वेळेत तीन रकाने मांडून मोजा : किती बायका गेल्या, किती थबकल्या, किती आत आल्या. बदलानंतर चार शनिवार तेच करा. थबकणाऱ्याच वाढल्या नाहीत तर शोकेस पुन्हा बघा, बहुधा तुम्ही तिसरा पुतळा परत आणलेला असेल. थबकतात पण आत येत नाहीत, तर किमतीची पाटी वाचता येत नाही किंवा दारात कुणी उभं राहून 'या ताई, या' म्हणतंय. आत येऊनही जात असतील, तर आधी वाटेतला धक्का आणि फळ्यांवरचे भाव तपासा.

आणि आरास. करा, पण साडीच्या मागे, बोर्डाच्या वरच्या तिसऱ्या भागात. कागदाची फुलं, बांबू, खणाचे तुकडे यांची करा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. खऱ्या फुलांची माळ एसीतही संध्याकाळपर्यंत कोमेजते आणि झेंडूचा रंग ओल्या रेशमाला लागतो. बाप्पाची मूर्ती शोकेसमध्ये ठेवू नका. मग लोक हात जोडतात आणि पुढे जातात, साडीकडे बघत नाहीत. मूर्ती आत, गल्ल्याजवळ बसवा.